प्रसादाआधीची गोष्ट

मध्य प्रदेशातल्या धारच्या ज्या शाळेत मी गणित शिकवत असे, त्याच शाळेतून भूगोलाचे एक सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी काय हवे असे विचारल्यावर त्यांनी शाल-श्रीफळ नाकारले आणि अडगळीच्या खोलीतला एक मोडका बाक मागून घेतला. तो हातगाडीवर चढवून ते स्वतः मागून चालत घरी गेले. सुताराकडून त्याचा पाय बसवून घेतला आणि तो खिडकीशी ठेवला. पुढे त्यांनी जे काही लिहिले, ते त्या बाकावर बसून लिहिले.

सर कथा लिहीत असत, आणि मराठीत लिहीत असत. आमच्या भागात ही दोन्ही वेडे समजली जातात.

बाकाचे कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. "खुर्चीत बसलं की माणसाला वाटतं आपण कोणीतरी आहोत. बाकावर बसलं की शरीराला परीक्षेचा पेपर आठवतो. मग लिहिल्याशिवाय उठता येत नाही." त्यासाठी त्यांनी तासाची सोयही केली होती. सकाळी चहा झाला की त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणत असू, देवघरातली घंटा वाजवत. सर बाकावर बसत. काही वेळाने काकू पुन्हा घंटा वाजवत. सर वाक्य जिथे असेल तिथे सोडून उठत. वाक्य पुरे करण्याचीही मुभा ते स्वतःला देत नसत. अर्धे राहिलेले वाक्य दिवसभर डोक्यात टोचत राहते आणि दुसऱ्या दिवशी बाकावर ओढून नेते, असे त्यांचे म्हणणे होते. शेजाऱ्यांचा मात्र असा समज होता की मास्तरांच्या घरी सकाळी दोनदा पूजा होते. त्या समजाला त्यांनी कधी धक्का लावला नाही.

प्रेरणा हा शब्द त्यांना आवडत नसे. शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने त्यांना विचारले होते, "सर, आपको इन्स्पिरेशन कहाँ से मिलता है?" सरांनी उत्तर दिले, "नळातून. एक दिवसाआड येतं, तेही बारीक धारेनं. ज्यानं भांडं लावलेलं असेल त्याला मिळतं. भियाजी, आप तो उस टाइम सोए रहते हो." तो शिक्षक हसला, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाला की त्या उत्तराने त्याची झोप मोडली.

विषय शोधण्यासाठी ते बसने हिंडत. बस नालछ्याची असे, गंधवानीची असे, कधी आणखी दूरची. उतरण्याचे त्यांना काही काम नसे. शेवटच्या थांब्यावर चहा घेऊन ते त्याच बसने परत येत. प्रवासात ते कोणाला प्रश्न विचारीत नसत. त्यांची रीत अशी की शेजारच्या प्रवाशाशी बोलताना एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. शेजारी गंधवानीकडची एक बाई टोपली घेऊन बसली होती. सर गंभीरपणे म्हणाले, "लड़की की शादी में तो तुम्हारे यहाँ मामा का कोई काम ही नहीं रहता."

बाई ताडकन वळली. "कोन ने कह दिया मास्साब? मामा बिना तो मंडप नी उठे!" आणि मग तिने मामा, मंडप, तिच्या स्वतःच्या लग्नात रुसून बसलेला मामा, त्याची समजूत काढायला गेलेले आजोबा, हे सगळे सांगितले. सर मान हलवीत ऐकत होते. उतरल्यावर मी म्हटले, "सर, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं."

"होतं. पण विचारलं असतं तर 'हाँ, रहता है' म्हणून गप्प बसली असती. अनोळखी माणसाला कोणी उत्तर देत नाही, बाई. त्याची चूक मात्र प्रत्येकाला दुरुस्त करायची असते."

आयुष्यभर फळ्यावर बरोबर तेच लिहिलेल्या माणसाने असे करावे, हे मला पटत नसे. परंतु पद्धत म्हणून ती उपयोगी होती, हे मान्य करावे लागते.

बाक होता, बस होती. नव्हता तो छापणारा. सरांची इच्छा एकच होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: महाराष्ट्रातल्या एखाद्या दिवाळी अंकात आपली एक कथा छापून यावी. आमची घराणी पिढ्यांपूर्वी इकडे आली. घरात मराठी राहिली, बाहेर हिंदी झाली. सरांना वाटे की एकदा तिकडच्या पानावर नाव उमटले की आपण अजून त्या भाषेचे आहोत याची पावती मिळेल. दरवर्षी ते कथा पाठवत आणि दरवर्षी ती परत येई. एका संपादकांनी लिहिले होते की पात्रे मराठी असून मध्य प्रदेशात का राहतात, हे कथेत स्पष्ट होत नाही. सरांनी उलट लिहिले, "आपल्या अंकातली पात्रे पुण्यात का राहतात, हेही कोठे स्पष्ट झालेले नाही." त्या अंकाचा मार्ग तेथेच बंद झाला.

इथे वाचक शोधावे तर आमची तरुण मुले मराठी बोलतात, समजतात, पण वाचताना अक्षराला अक्षर जोडत बसतात. काकूंच्या भाच्याने सरांना तोंडावर सांगितले होते, "काकाजी, स्टोरी मस्त असेल तुमची, पण पढ़ने में दम निकल जाता है. तुम्ही सुनाओ ना."

सरांनी हे विनोद म्हणून घेतले नाही. लोक एकत्र केव्हा बसतात आणि उठून केव्हा जात नाहीत, याचा त्यांनी शिस्तीत विचार केला आणि त्यांना सत्यनारायण सापडला. पूजा झाली, कथेचे अध्याय झाले, आरती झाली, तरी शिऱ्याचा प्रसाद हातात पडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. तो मधला वेळ सरांनी आपला मानला. ओळखीच्या घरी पूजा असली की ते यजमानांना आधी विचारून ठेवत, आणि आरतीनंतर खिशातून कागद काढून गोष्ट वाचत. सुरुवातीला लोक ताटकळले. मग सवय झाली. मग अशी वेळ आली की पूजेचे आमंत्रण देताना लोकच विचारू लागले, "मास्तर आहेत ना?" धारमध्ये त्यांचा जम बसला आणि माझ्यामुळे ते देवासलाही पोहोचले.

देवासला माझे सासर. तिथे माझ्या यजमानांच्या चुलत आत्या राहतात. त्यांना सगळे जिजी म्हणतात. त्यांच्याकडे श्रावणात सत्यनारायण असतो. जिजींविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. त्यांचा धाकटा भाऊ देवासमध्येच, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो, आणि दोघांचा बोलण्याचा संबंध नाही. आई वारली तेव्हा जिजी परगावी होत्या; त्यांची वाट न पाहता भावाने अग्नी दिला. एवढेच कारण. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे असते. तो येत नाही आणि जिजी बोलवत नाहीत.

सरांना यातले काही माहीत नव्हते. हे मी खात्रीने सांगते, कारण पुढे जिजींच्या घरच्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिले होते. सरांनी त्या दिवशी वाचलेली कथा त्यांना नेमावरच्या बसमध्ये मिळाली होती. नेमावरची एक बहीण. तिचा भाऊ नर्मदेपलीकडे हंडियाला. दोघांत अबोला. भाऊबीजेला भाऊ येत नाही म्हणून एका वर्षी ती स्वतःच ओवाळणीचे ताट घेऊन निघते आणि पुलाच्या तोंडाशी येऊन थांबते. पलीकडे दिवे लागू लागतात. कथा इथे संपते.

त्या दिवशी क्रम थोडा चुकला. आरती झाली, मंत्रपुष्पासाठी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या गेल्या आणि नेमका गुरुजींचा फोन वाजला. पुढच्या यजमानांचा होता. गुरुजी बोलत अंगणात गेले. सरांना वाटले, आपली वेळ झाली. त्यांनी कागद काढले आणि वाचायला लागले. लोक अक्षता मुठीत धरून ऐकत राहिले. कथा संपली तेव्हा गुरुजी परत आले होते आणि दाराशी उभे होते. सरांनी कागदांची घडी घातली.

"पुढं?" जिजी म्हणाल्या.

"संपली, जिजी."

"संपली कशी? ती गेली की नाही?"

"ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं."

"मी ठरवायचं तर मास्तर तुम्ही कशाला आलात? शिरा खायला?"

सगळे हसले. आमच्याबरोबर आलेला काकूंचा भाचा मागून म्हणाला, "एंडिंग तो बताना पड़ेगी काकाजी!" गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले आणि मंत्रपुष्प सुरू केले. शेवटी सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. जिजींनी वाहिल्या नाहीत. त्यांनी त्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि म्हणाल्या, "कथा पुरी झाल्याशिवाय अक्षता वाहत नाहीत. मी थांबते."

व्रताची कहाणी ऐकून वाढलेल्या पिढीची ही समजूत होती. देवापुढे वाचली ती कथा, मग ती कोणीही लिहिलेली असो. तिला शेवट हवा, आणि शेवटानंतर अक्षता. सरांची गोष्ट कोणत्या जातीची आहे, याचा जिजींनी विचार केला नव्हता. परंतु आपण काय विचारतो आहोत, हे त्यांना पक्के माहीत होते. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांना पुण्याहून फोन आला. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तीच कथा स्वीकारली होती. विशेष म्हणजे त्यांना शेवट फार आवडला होता. पुलाशी थांबणे, पलीकडचे दिवे, न सांगितलेले पाऊल. हा संयम दुर्मीळ आहे, असे ते म्हणाले. काकूंनी आळीत पेढे वाटले. मी भेटायला गेले तेव्हा सर बाकावर बसले होते. घंटेची वेळ नव्हती, तरीही बसले होते.

"अभिनंदन, सर."

"हं." थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "बाई, खरं सांगू? तो शेवट मी उघडा ठेवला नव्हता. मला तो येत नव्हता. पुलापर्यंत आणली आणि पुढं काय ते सुचेना, म्हणून दिवे लावले."

"पण परिणाम चांगलाच झाला आहे."

"तुम्ही गणिताच्या ना? मुलानं अर्धं गणित सोडवून खाली सुंदर नक्षी काढली तर किती गुण देता?"



तिकडे जिजी थांबल्या होत्या. साडी बदलली की त्या गाठ सोडून नव्या पदराला बांधत. मी देवासला गेले की मला दाखवत, "सांग तुझ्या मास्तरांना, अजून आहे." मी सांगत असे. सर ऐकून घेत आणि विषय बदलत. गणपतीच्या आधी एका सकाळी काकूंचा फोन आला: सर ओवाळणीचे ताट घेऊन नेमावरला गेले आहेत.

ते खरे होते. पुलाच्या अलीकडून ते ताट हातात धरून निघाले आणि पलीकडे हंडियापर्यंत चालत गेले. ताटात कुंकू, सुपारी, निरांजन. येणारेजाणारे थांबून पाहत होते. एका ट्रकवाल्याने विचारले म्हणे, "बाबूजी, किसकी आरती उतारोगे?" संध्याकाळी परत आले ते थकलेले, पण प्रसन्न. "बाई, पुलावर वारा केवढा असतो! निरांजन टिकतच नाही. इथं बसून हे कळलं नसतं. ती दिवा न लावताच जाणार. आणि काडेपेटी घ्यायला विसरणार."

त्यांनी लिहिलेला नवा शेवट असा होता: बहीण पूल ओलांडते. भाऊ दार उघडतो. इतक्या वर्षांनंतर काय बोलायचे ते दोघांनाही सुचत नाही. मग बहीण म्हणते, "काडेपेटी दे रे. दिवा राहिलाय."

देवासला जाऊन त्यांनी तो जिजींना वाचून दाखवला. त्या वेळी घरात जिजी, मी आणि काकू एवढ्याच होतो. जिजी ऐकत होत्या तेव्हा त्यांचा हात गाठीवर होता.  वाचून झाल्यावर त्या उठून देवघरात गेल्या, गाठ सोडली, अक्षता देवावर वाहिल्या आणि परत येऊन विचारले, "वात तुपात भिजलेली होती ना? कोरडी वात पटकन पेटत नाही."

"भिजलेली होती," सर म्हणाले.

"मग ठीक."

आता सरांनी संपादकांना कळवले की कथा पूर्ण झाली आहे, नवा शेवट पाठवतो आहे, तोच छापावा. संपादकांनी वाचला आणि फोन केला. त्यांचा सूर सौम्य होता. या शेवटाने कथा गोड होते, व्रतकथेसारखी वाटते. आधीचा शेवट ठेवू द्या, अंक छपाईला चालला आहे. नाहीतर या वर्षी घेता येणार नाही. निःपक्षपणे पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. वर्गात शिकवायची असती तर मीही आधीचीच कथा निवडली असती.

सरांनी एक दिवस मागून घेतला. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी असताना काकू त्यांना म्हणाल्या, "इथं जिजींपाशी हा शेवट असू द्या, तिकडं तो. कुणाला कळणार आहे? जिजींच्या हाती अंक पडत नाही, पोरांना वाचता येत नाही."

"कुणालाच कळणार नाही," सर म्हणाले. "तेच तर."

"तेच तर काय? सगळा जन्म वाट पाहिलीत. दरवर्षी पाकीट परत आलं की दोन दिवस जेवण जात नाही तुम्हाला. मी पाहिलंय ते."

"बाई, तुम्ही सांगा," सर माझ्याकडे वळले.

मी म्हटले की दोन शेवटांचे हे एकाच कथेचे दोन वेगळे पाठ मानता येतील. साहित्यात असे घडते. हे मी प्रामाणिकपणे सांगितले होते.

सरांनी मान हलवली. "जिथं मला येत नव्हतं तिथं ते म्हणतात, काय संयम! ती शाबासकी छापून घेऊ? आणि जिनं माझ्याकडून पुरं करून घेतलं, तिच्या मागं अपुरंच पाठवू?" मग काकूंना म्हणाले, "रागावू नकोस. मला अंक हवाच आहे. पण हा नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कथा मागे घेतली. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. घंटा मात्र वेळेवर वाजली.

दिवाळी आली. अंक आला. सरांनी नेहमीप्रमाणे तो मागवला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, आणि त्यातली एक कथा उत्तम आहे असे मला सांगितले. त्यात कडवटपणा नव्हता. मी लक्ष देऊन पाहिले. एवढेच की ज्या पानापाशी आपली कथा आली असती असे त्यांना वाटे, तिथे त्यांनी बोट घालून ठेवले होते आणि बोलताना ते काढले नाही.

भाऊबीजही होऊन गेली. त्या आठवड्यात सर, काकू आणि मी जिजींकडे फराळाला गेलो. चकली पुढे करताना जिजी स्वतःहूनच म्हणाल्या, "मी गेले नाही, मास्तर."

सरांना काही समजले नाही. मग जिजींनी त्यांना भावाची हकीकत पहिल्यापासून सांगितली: आईचे जाणे, न पाहिलेली वाट, दोन गल्ल्या. सर हातातली चकली तशीच धरून ऐकत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिले. ज्या शेवटासाठी अंक गेला, त्याने इथेही काही घडवले नव्हते.

"पण गोष्टीतली गेली, जिजी," काकू म्हणाल्या.

"तिचं काय! तिला नदी होती," जिजी म्हणाल्या. "पुलावरून जाणाऱ्या बाईला कोण ओळखतं? ट्रकवाले. मला दोन गल्ल्या आहेत. ताट घेऊन निघाले की पहिल्या खिडकीत शेजारची वहिनी, दुसऱ्या खिडकीत जोशीण, कोपऱ्यावर दूधवाला. तो दूधवाला भिया विचारणारच, 'जिजी, किधर चल दिए?' त्याला काय सांगू? नदी ओलांडणं सोपं असतं, मास्तर."

 मला वाटले, आता ते खचतील. त्यांनी चकली बशीत ठेवली, हात पुसले आणि थोडे पुढे सरकून विचारले, "पहिल्या खिडकीत वहिनी. ती दिवसभर तिथंच असते?"

"दुपारी झोपते."

"आणि जोशीण?"

"तिचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय," असे म्हणून जिजी थांबल्या आणि त्यांच्याकडे रोखून पाहू लागल्या. "का?"

"काही नाही. विचारतोय."

थंडीत त्या संपादकांचा पुन्हा फोन आला. तेव्हा मी सरांच्या घरी होते. मागची कथा गेल्याची रुखरुख आहे, असे ते म्हणाले. पुढच्या अंकासाठी दुसरे काही असल्यास जरूर पाठवावे, पहिली जागा तुमची.

"एक आहे," सर म्हणाले. "दोन गल्ल्यांची आहे. लिहून होत आलीय."

"वा! मग कधी पाठवता?"

काकू हातातले काम सोडून दाराशी आल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि फोनमध्ये स्वच्छ, वर्गात उत्तर द्यावे तशा आवाजात सांगितले, "शेवट अजून घरातून निघालेला नाही. निघाला, की पाठवतो."